दोर नीट होते

९ जानेवारी

मामा, नमस्कार.

तुम्ही फोन बंद करून कपाटात टाकलाय असं मामीने कळवलं. म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र आलं की तुम्ही फोडणारच, आणि फोडलं की वाचणारच. तेवढं मी तुम्हाला ओळखते.

तुम्ही मिल सोडून गावी गेलात त्याला महिना झाला. निघताना भेटलासुद्धा नाहीत. मी वर वार्पिंगच्या मशीनवर होते. खालून कुणीतरी येऊन सांगितलं, की रंगखात्याचे मास्तर सव्वीस वर्षांचं कपाट रिकामं करून, डबा काखेत मारून फाटकाबाहेर पडले. मशीन चालू होतं म्हणून मी आले नाही. खरं तर येता आलं असतं. आले नाही.

इकडची खबर अशी. तुमच्या जागी नवा माणूस आलाय. नाकाला रुमाल बांधून फिरतो आणि दर तासाला टाकीत कागदाच्या पट्ट्या बुडवून बघतो. पोरांनी त्याचं नाव कंपाउंडर ठेवलंय. परवा निळीच्या टाकीवर वाकताना त्याचा चष्मा आत पडला. तो काढायला दोन माणसं आणि एक बादली लागली. चष्म्याची दांडी अजून निळी आहे. तुम्ही असता तर हसून हसून खाली बसला असता.

माझं चालू आहे. सुताचे तीनशे ऐंशी कोन क्रीलच्या चौकटीवर चढवायचे, तीनशे ऐंशी धागे एकत्र आणून मनगटाएवढा दोर करायचा, दोराचा गोळा गुंडाळायचा आणि रंगखात्याकडे ढकलायचा. गोळा ढकलताना अजून तोंडात येतं, "मामा, घ्या!" कंपाउंडर मग माझ्याकडे बघत बसतो.

लोक काहीबाही बोलतात. तुम्ही मनावर घेऊ नका. बारा हजार मीटर कापडात फिक्या रेघा आल्या आणि गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, एवढंच तर झालं. पुन्हा कामाला लागा. मामीलाही जरा मोकळं वाटेल.

तुमची भाची,
टकळी


१८ जानेवारी

टकळे,

"एवढंच तर झालं" लिहिताना तुझ्या पेनाला ठेच नाही लागली? बारा हजार मीटर म्हणजे काय चहात माशी पडली? सव्वीस वर्षांत माझ्या टाकीतून एक दोर वाईट निघाला नव्हता. नवी पोरं रंगाबद्दल वाद घालायची तेव्हा साहेब म्हणायचे, मास्तरांना विचारा. आता मास्तर घरात बसून मामीचा लसूण सोलतात, आणि तोही ती परत एकदा सोलते.

केस वाढलेत, पण न्हाव्याकडे जात नाही. गेलं की तो विचारणार, सुट्टीवर का? काय सांगू? गल्लीत ओळखीचं कुणी दिसलं की मी चपलेचा अंगठा तुटल्यासारखा खाली वाकतो. काल एकाने खरंच दुरुस्तीला मदत करायला थांबून माझी पंचाईत केली.

तू एकटीच पत्र लिहितेस, म्हणून तुला एक सांगतो. पोटात ठेव. मामीशिवाय कुणालाही ठाऊक नाही. दोन वर्षं झाली, माझा उजवा डोळा गेलाय. मोतीबिंदू आहे, डाव्यातही उतरतोय. टाकीतून दोर बाहेर येतो तेव्हा हिरवट पिवळा असतो आणि वारा लागला की निळा होत जातो, हे तू पाहिलंयस. तो हिरवा बघूनच टाकीला काय हवंय ते मी सांगायचो. दोन वर्षं मला तो हिरवा धड दिसत नव्हता. मी वासावर चालवलं, सवयीवर चालवलं, पोरांना "काय रे, कसा वाटतोय?" असं परीक्षा घेतल्यासारखं विचारून त्यांच्याच डोळ्यांनी चालवलं. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. शेवटी व्हायचं तेच झालं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कापड टेबलावर टाकलं आणि विचारलं, मास्तर, हे काय? मी म्हटलं, माझीच चूक. कापडाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, मीही थांबलो नाही.

इथल्या एका मिलचा मालक घरी येऊन गेला. रंगखातं सांभाळाल का, म्हणाला. डॉक्टरने ऑपरेशनला दोन मार्च दिलाय, म्हणून मी कारण न सांगता त्यानंतरचं बोललो. तो म्हणाला, तेव्हा या, पण या महिनाअखेरपर्यंत कळवा. मामी दारामागून इतक्या जोरात मान हलवत होती की मला भीती वाटली, निखळेल. मी अजून हो म्हटलं नाही. मला आधी कळायला हवं की मी नक्की काय केलं. निळीचं बिघडलं की वाऱ्याचं? बुडी कमी पडली की जास्त? ते कळलं तर उद्या परत टाकीसमोर उभा राहीन. नाही कळलं तर पुन्हा कुणाचा माल नासवायला जाणार नाही.

म्हणून एक काम कर. त्या कापडाची पूर्ण पन्ह्याची, या काठापासून त्या काठापर्यंत, चार बोटं रुंद पट्टी कापून पाठव. एक डोळा का होईना, खिडकीत धरून बघतो.

मामा


२६ जानेवारी
(हे पत्र पाठवलेलं नाही.)

मामा,

पट्टी माझ्याकडे आहे. माल परत आला त्याच दिवशी तपासणीच्या टेबलावरून कापून घेतली आणि घरी आणून गादीखाली ठेवली.

तुमचा डोळा नाही, मामा. माझे सात कोन आहेत.

कोठारातून कोन आणताना मी मोजले नाहीत. गप्पा मारत ट्रॉली भरली. शेवटच्या दोन दोरांसाठी क्रील भरायला घेतलं, तर सात जागा रिकाम्या राहिल्या. खाली गेले, तर तो लॉट संपलेला, नवा माल दोन दिवसांनी येणार. मशीन थांबवायचं तर मुकादमाला सांगावं लागलं असतं, की मी न मोजता आणले. मला नोकरीत कायम होऊन अकरा दिवस झाले होते, तेही तुम्ही शब्द टाकलात म्हणून. कोपऱ्यात जुन्या लॉटचे उरलेले कोन पडले होते. तेवढंच जाड सूत, टोकाला तोच हिरवा कागद. फक्त आतल्या चिठ्ठीवर लॉटचा नंबर वेगळा. मी सात उचलले आणि चढवले. चिठ्ठ्या काढून फाडून टाकल्या. चिठ्ठ्या फाडल्या, म्हणजे मला माहीत होतं. चुकून झालं असं म्हणायलाही मी जागा ठेवली नाही.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला क्रीलसमोर उभं करून सांगितलं होतं. कच्चं सूत सगळं पांढरंच दिसतं, पण वेगळ्या लॉटचं सूत नीळ वेगळी पितं. म्हणून लॉट मिसळायचा नाही, मशीन दिवसभर बंद राहिलं तरी चालेल. मी मान डोलावली होती.

कापड परत आलं तेव्हा मी टेबलाशी जाऊन बघितलं. थानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, धाग्याधाग्याच्या बारीक रेघा. चौदा. दोन्ही दोरांचे धागे पुढे पन्हाभर शेजारी शेजारी पसरतात आणि क्रीलवरच्या त्याच सात जागा दोन्ही दोरांत होत्या, म्हणून रेघा जोडीने आल्या होत्या, सात जोड्या. तुम्ही नुसती नजर टाकली असती तरी म्हणाला असता, ही रंगाची भानगड नाही, सुताची आहे. मी साहेबांकडे सांगायला निघाले होते. खरंच निघाले होते. जिन्यातच कळलं, की मास्तरांनी चूक कबूल केली आणि ते गेले.

आणि मामा, मला हायसं वाटलं. मी वर मशीनवर होते असं पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं. पाय तिथेच वळले. वर येऊन मी मशीन चालू केलं आणि डब्यातलं सगळं जेवले.

मला स्वतःची किळस येते.

टकळी


२६ जानेवारी

मामा, नमस्कार.

पत्र मिळालं. डोळ्याचं मी कुणाला सांगणार नाही, शप्पथ. ऑपरेशन मात्र करून घ्या. मोतीबिंदूचं आजकाल काहीच वाटत नाही, आमच्या शेजारच्या आजी तर दुसऱ्या दिवशी टीव्ही बघत बसल्या होत्या आणि सुनेला सांगत होत्या, तू इतकी सावळी आहेस हे मला माहीतच नव्हतं!

पट्टीचं जमलं नाही. मी चौकशी केली. ते सगळं कापड गठ्ठे बांधून केव्हाच बाहेर गेलं, आता एक चिंधीसुद्धा शिल्लक नाही. तुम्ही त्यात डोकं घालू नका. झालं ते झालं. नव्या मिलला हो म्हणून टाका.

कामाची घाई आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

टकळी


७ फेब्रुवारी

टकळे,

तुझं पत्र एवढंसं बघून मामी म्हणाली, पोरगी आजारी आहे का? तू आणि थोडक्यात? तब्येतीला जप.

कापड गेलं ते एका परीने बरंच झालं. बघून तरी काय करणार होतो. मी त्या मिलच्या मालकाला नाही म्हणून कळवलं. डॉक्टरलाही नको म्हटलं. मामीने दोन दिवस बोलणं टाकलंय. भांडी मात्र बोलतात. ती म्हणते, नोकरी नको तर नको, डोळा तरी करा. मी म्हणतो, आता बघायचंय काय? पेपर वाचायला डावा पुरतो. सव्वीस वर्षं ज्याच्यासाठी डोळा वापरला त्याच्याच कामी तो आला नाही, मग तो ठेवला काय आणि गेला काय. तू म्हणशील, म्हातारा वेड्यासारखं बोलतोय. बोलू दे.

एक गोष्ट मनाला फार खात होती. मी कारण न सांगताच निघालो. मागे लोक एकमेकांकडे बोट दाखवत असणार. दोर देणारे, वारा सांभाळणारे, खळ लावणारे, सगळ्यांवर शिंतोडे उडाले असणार. म्हणून काल साहेबांना माफीचं पत्र लिहिलं आणि विनंती केली, की हे फाटकाजवळच्या बोर्डावर सगळ्यांना दिसेल असं लावा. डोळ्याचं सगळं खरं लिहिलंय. अक्षर मोठं काढलंय, मलाच दिसावं म्हणून.

त्यात तुझ्याबद्दलही एक ओळ आहे. तुला माझ्या शब्दावर घेतलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या पापाचा डाग तुला नको. म्हणून लिहिलं, "वार्पिंगवरून आलेले दोर नीट होते. त्या मुलीला कुणी बोल लावू नये."

लिहून टाकल्यावर जरा झोप लागली.

मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र बोर्डावर लागलं. दोन पाळ्यांच्या मधली वेळ होती, शंभरेक माणसं जमली होती. मागच्यांना दिसेना म्हणून खळखात्यातल्या एकाने मोठ्याने वाचायला घेतलं. आधी डोळ्याचं आलं. मग माझी ओळ आली. वाचणाऱ्याने मान वळवून गर्दीत मला शोधलं आणि हसला, की बघ, सुटलीस. सगळे माझ्याकडे बघत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नुसतं म्हणतात ना, मामा, मी खरंच पायाखाली बघितलं.

तेव्हापासून तीन दिवस मी त्या बोर्डासमोरून मान खाली घालून ये-जा करते.

सोबत दोन गोष्टी पाठवतेय. एक पत्र आहे, सव्वीस जानेवारीला लिहिलेलं. त्याच दिवशी ते सोडून दुसरं खोटं पत्र तुम्हाला पाठवलं. आणि कापडाची पट्टी आहे, पूर्ण पन्ह्याची, चार बोटं रुंद. तुम्ही मागायच्या आधीपासून ती माझ्याकडे होती.

आधी पट्टी बघा, मग पत्र वाचा. तुमचा डोळा खोटं बोलला नाही एवढं तुम्हाला माझ्या शब्दाशिवाय कळू दे. माझ्या शब्दाला आता काय किंमत आहे!

डॉक्टरला हो सांगा. माझं तोंड बघू नका हवं तर. पण दोन मार्च चुकवू नका.

तुमची भाची


२१ फेब्रुवारी

पत्र मिळून चार दिवस झाले. आज लिहितोय, कारण पहिले तीन दिवस जे लिहिलं असतं ते पोस्टमनने पोचवलंच नसतं.

तू सांगितलंस तसं आधी पट्टी बघितली. खिडकीत धरली. डाव्या डोळ्याने, धुक्यातून बघावं तसं. तरी पहिल्या नजरेत कळलं. सुईने ओढल्यासारख्या सरळ रेघा, जोडीजोडीने. रंगखात्यात झाडू मारणारासुद्धा सांगेल की हे सूत आहे. मी ओरडलो, "अगं, मी नाही!" मामी पीठ मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी धावत आली. मी तिला धरून नाचलो. या वयात. माझ्या सदऱ्याच्या पाठीवर अजून तिचे पंजे आहेत, धुवायला देत नाही.

मग तुझं पत्र वाचलं आणि खाली बसलो.

तुला मी हाताला धरून क्रीलपाशी नेलं होतं, टकळे. मी न्हाव्याकडे जात नव्हतो तेव्हा तू मला चष्म्याचे विनोद लिहून पाठवत होतीस. मी तुझ्याकडे चार बोटं कापड मागितलं आणि तू म्हणालीस, चिंधी नाही. हे मला कोनांपेक्षा जास्त लागलं. कोन कुणाच्याही हातून होतील. माफ केलं असं मी लिहिणार नाही. आत्ता मनात नाही आणि उगाच लिहून तुला सोडवणार नाही.

आता माझं. मी तुला लिहिलं होतं, कापडाकडे बघितलं नाही. का, ते लिहिलं नव्हतं. तुला वाटलं असेल लाजेने. लाजेने नाही. साहेबांनी कापड पुढे टाकलं तेव्हा मला भीती वाटली, की बघितलं तर रेघा दिसणार नाहीत, साहेब "इथे बघा, इथे" म्हणून बोट ठेवतील, आणि माझा डोळा उघडा पडेल. म्हणून बघायच्या आधीच चूक कबूल केली. कबुली देणारा माणूस खरा वाटतो, त्याला पुढे कुणी विचारत नाही. मी आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी मान खाली घालून केली आणि लोक म्हणाले, बिचारा मास्तर. तेव्हा नजर टाकली असती तर तुझी चूक त्याच दुपारी सापडली असती. तुला जिन्यातून वळायची वेळच आली नसती. याची मला लाज वाटते आणि ती तुझ्यावर ढकलता येत नाही, हेच दुःख आहे.

डॉक्टरला हो सांगितलंय. मिलचं डोळा झाल्यावर बघू.

बोर्डावरचं माझं पत्र काढायला सांगू नकोस. डोळ्याचं सगळं खरं आहे, ते लोकांना कळलेलंच बरं. कापड माझ्यामुळे नासलं हे खोटं निघालं, पण त्याच्या मुळाशी एकच खोटी ओळ आहे. ती माझ्या अक्षरात आहे, पण खोटी तुझ्यामुळे झाली. ती तू जाऊन खोड. पाळी बदलताना, माणसं असतील तेव्हा. साहेबांच्या केबिनमध्ये हळूच जाऊन सांगून यायचं नाही. आधी ओळ, मग केबिन.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

काल खोडली. पाळी सुटली तेव्हा फाटकाजवळ गर्दी होती. बोर्डाला काच आहे, ती सरकवली आणि पेनाने तुमच्या ओळीवर आडवी रेघ मारली. पेन इतकं दाबलं की पहिल्यांदा कागदच फाटला थोडा. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, मास्तरांच्या पत्राला हात लावू नकोस!" मी वळले आणि म्हटलं, दोर नीट नव्हते. जुन्या लॉटचे सात कोन मी चढवले होते. मास्तरांची काही चूक नाही.

मला वाटलं होतं, अंगावर येतील. तसं झालंच नाही. कुणी विश्वासच ठेवला नाही. विणाईचा मुकादम, तो जाडा, हळू आवाजात म्हणाला, "पोरी, मामाला वाचवायला स्वतःच्या गळ्यात कशाला घेतेस?" तपासणीवरच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "रक्ताची माणसं अशी असावीत. आमचे भाचे फोनसुद्धा करत नाहीत." दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले.

मग मी मुकादमाला विचारलं, रेघा किती होत्या आठवतं? तो म्हणाला, चौदा. म्हटलं, एकेकट्या की जोडीने? तो आठवत राहिला. म्हटलं, सात जोड्या होत्या, कारण क्रीलवरच्या त्याच सात जागांवरून शेवटचे दोन्ही दोर निघाले. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं, मास्तरांनाही माहीत नव्हतं. मला कसं माहीत? त्याचा चेहरा बदलत गेला. बाईंनी पाठीवरचा हात काढून घेतला. तिथून मी सरळ केबिनमध्ये गेले.

साहेबांनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. पुढचं कळवतील. तुम्हाला ते स्वतः पत्र लिहिणार आहेत. मी आईलाही सगळं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

तुम्ही माफी लिहिली नाहीत ते बरोबर केलंत. आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितली नाही तर हे पत्रही सव्वीस जानेवारीच्या त्या खोट्या पत्रासारखंच होईल. मुकादम कौतुकाने बघत होता आणि बाई पाठीवरून हात फिरवत होत्या, तेव्हा मी त्यांना लगेच थांबवलं नाही. अर्धा मिनिट असेल, जास्तच असेल. मी मान खाली घालून उभी राहिले आणि तो हात फिरू दिला. मला ते बरं वाटत होतं, मामा.

तुमची भाची